चालतात हो, पण कसे?

“ताई, बाबा आता चालायला लागले बरं का! आता तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

फोनवर वहिनींच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मी विचारलं, “अरे वा! पण कसे चालतात?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग थोड्या नाराजीनंच उत्तर आलं, “कसे म्हणजे? चालतात!”

वाचकहो, आम्हा फिजिओथेरपीवाल्यांना हा संवाद अगदी पाठ झालेला आहे. अर्धांगाचा झटका असो, खुब्याचं हाड मोडलेलं असो की गुडघ्याचं ऑपरेशन असो, माणूस अंथरुणावरून उठून संडासापर्यंत जाऊन आला की घरच्यांना लढाई जिंकल्यासारखं वाटतं. त्यात त्यांची काही चूक नाही. पण चालणं परत येणं ही एक गोष्ट आणि चाल परत येणं ही दुसरी. या दोन्हींच्या मधल्या काळात माणसं पडतात, हाडं मोडून घेतात आणि मग हळूहळू घराबाहेर पडणंच सोडून देतात. आज या मधल्या काळाबद्दलच बोलू या.

हे घर पहाडगंजमधलं, आरामबागेच्या बाजूचं. दिल्लीतल्या मराठी माणसाला हा भाग परका नाही. बृहन्महाराष्ट्र भवन इथंच, नूतन मराठी शाळाही इथंच. काका रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावरही गावी परतले नाहीत. वय सत्तरीच्या पुढचं, पण रोज संध्याकाळी मेन बाजारातून एक चक्कर ठरलेली. अशा माणसाला एका पहाटे अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली.

जीव वाचला. पण रुग्णालयातून घरी सोडताना “हळूहळू चालायला लागतील” एवढंच सांगण्यात आलं. कसं चालवायचं, काय टाळायचं, हे कुणी सांगितलंच नाही. मग घरच्यांनी आपल्या बुद्धीनं सुरुवात केली. मुलगा दुबळा डावा हात धरून ओढायचा, नातू दुसऱ्या बगलेत हात घालायचा आणि दोघं मिळून काकांना उभं करायचे. मी पहिल्यांदा गेले तोवर पायापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. झटक्यानंतर खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. तो हात ओढला की सांधा जागचा सरकतो. आधार द्यायचा तो कमरेला, आणि दुबळ्या बाजूला उभं राहून. हा पहिला धडा आम्ही गिरवला. महिनाभर व्यायाम झाले आणि मग वहिनींचा हा फोन आला.

संध्याकाळी मी गेलेच. काकांनी दिवाणखान्यापासून गॅलरीपर्यंत चालून दाखवलं. डाव्या चपलेचा पुढचा भाग फरशीवर घासत होता. गुडघा ताठ. पाय सरळ पुढं न येता, विळा फिरवावा तसा बाहेरून गोल फिरून येत होता. वळताना त्यांनी पटकन टेबलाचा कोपरा धरला. सगळे कौतुकानं बघत होते. मी मात्र त्या घासणाऱ्या चपलेकडं बघत होते. दाराबाहेर अरुंद जिना होता.

“काका, कधी तोल गेला होता का?” मी विचारलं.

काकांनी आधी सुनेकडं पाहिलं, मग हळूच म्हणाले, “न्हाणीघरात. दोनदा. सांगितलं असतं तर यांनी मला पुन्हा पलंगावर बसवलं असतं.”

वहिनींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला.

चालीचा हिशेब

चाल या गोष्टीला इंग्रजीत ‘गेट’ म्हणतात. पहाडगंजमध्ये हा शब्द उच्चारला की लोकांना स्टेशनचं गेटच आठवतं! पण त्या गेटाचाही उपयोग आहे. नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंजकडच्या बाजूला अर्धा तास उभं राहा. डोक्यावर बॅगांची चळत घेतलेला हमाल निघतो. त्याचे पाय भराभर पडतात, पण डोकं आणि मान जराही हलत नाहीत. एखादी आजी दर पावलाला एका बाजूला कलते. पन्नाशीचा एखादा गृहस्थ दर पावलाला हातानं मांडी दाबत येतो. चालीची सगळी पोथीच तुमच्यासमोर उघडलेली असते. ती वाचायची कशी, एवढंच शिकायचं.

एक टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचा एक फेरा पुरा होतो. या फेऱ्यात प्रत्येक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. म्हणजे बराच वेळ आपलं सगळं वजन एकाच पायावर असतं! निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. आधी टाच टेकते, मग तळवा, मग चवड्यानं जमीन मागं रेटली जाते. पाय पुढं येताना गुडघा सुमारे ६० अंशांत वाकतो, घोटा पाऊल वर उचलून धरतो, आणि उजवा पाय पुढं जाताना डावा हात झुलतो.

यात सगळ्यात नवलाची गोष्ट पुढंच आहे. पाय पुढं येत असताना एका क्षणी बोटं आणि जमीन यांच्यात जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचं अंतर उरतं. आपण आयुष्यभर एवढ्याशा फटीवर चालत असतो. घोटा थोडा जरी कमी उचलला गेला, तरी सतरंजीची कड, उंबरठा किंवा रस्त्यावरची वर आलेली फरशी आडवी येते.

मग शरीर पळवाट शोधतं. घोटा उचलत नाही? कंबर उचला. गुडघा वाकत नाही? पाय बाहेरून फिरवा. काकांचं शरीर हेच करत होतं. त्यावाचून ते चाललेच नसते, म्हणून त्या पळवाटेला नावं ठेवायची नाहीत. पण तिची किंमत मोजावी लागते. तेवढ्याच अंतराला जास्त दम लागतो, कंबर दुखते, चांगल्या पायाच्या गुडघ्यावर जादा भार पडतो. शिवाय काही महिन्यांत हीच सवय मुरते आणि मग ती मोडणं कठीण होतं.

कुठली चाल काय सांगते?

चाल बिघडली की नुसतं ‘लंगडतो’ म्हणून सोडून देऊ नका. लंगडण्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

दुखऱ्या पायावर माणूस कमीत कमी वेळ उभा राहतो, चटकन दुसरा पाय टेकतो. ही वेदनेची चाल. कारण टाचेपासून खुब्यापर्यंत कुठंही असू शकतं.

दर पावलाला धड एका बाजूला कलत असेल तर खुब्याच्या बाजूचे स्नायू दुबळे आहेत किंवा खुब्याचा सांधा बिघडला आहे. दोन्ही बाजूंना बदकासारखं हेलकावत चालणं हे स्नायूंच्या आजारात दिसतं. तसंच ते ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं हाडं मऊ पडली तरी दिसतं. घरात आणि अंगभर कपड्यांत दिवस काढणाऱ्या बायकांची ही चाल ‘बाळंतपणानंतरचा अशक्तपणा’ म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहते. खरं तर वेळेत रक्ततपासणी आणि औषधोपचार झाले तर ती सुधारू शकते.

पाऊल लोंबतं म्हणून गुडघा उंच उचलून थपकन पाय टाकणं, हे पाऊल उचलणारी नस दुखावल्याचं लक्षण. मधुमेह, कुष्ठरोग, पाठीच्या मणक्याचा दाब किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लागलेला मार, यांपैकी काहीही त्याला कारण असू शकतं.

पावलं आखूड होत जाणं, एक हात झुलेनासा होणं, दारापाशी आल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं, ही पार्किन्सनची चाल. हात कंपायला लागण्याआधीही चालीत हा फरक दिसू शकतो.

आणि स्टेशनवरचा तो मांडी दाबत चालणारा गृहस्थ? लहानपणीच्या पोलिओनं त्याच्या मांडीचा पुढचा स्नायू गेला असणार. गुडघा दुमडू नये म्हणून तो हातानंच त्याला कुलूप लावतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. नवी मुलं वाचली, पण जुन्या पिढीतली ही माणसं अजून त्याच पायांवर संसार ओढताहेत.

पावडरीतली पावलं

मोठ्या केंद्रांमध्ये चाल तपासण्यासाठी कॅमेरे असतात, पायाचा दाब मोजणाऱ्या पट्ट्या असतात. पहाडगंजच्या दोन खोल्यांत कुठून आणायचं ते? मी नातवाला काळे कार्डशीट आणायला पाठवलं. ते गॅलरीपर्यंत चिकटवून अंथरले, काकांच्या पावलांना टाल्कम पावडर लावली आणि मुलाला दुबळ्या बाजूला उभं करून त्यांना चालायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “अगंबाई, गौरी आल्यासारखंच दिसतंय की!”

तसंच होतं ते. फक्त गौरीची पावलं सारख्या अंतरावर काढतात, काकांची तशी नव्हती. नातवानं फूटपट्टीनं मोजमाप घेतलं आणि सगळे चकित झाले. डावा दुबळा पाय बऱ्यापैकी पुढं पडत होता. आखूड पाऊल पडत होतं ते चांगल्या उजव्या पायाचं!

असं का व्हावं? उजवा पाय पुढं टाकायचा तर तेवढा वेळ सगळं शरीर डाव्या पायावर तोलावं लागतं. काकांचा त्या पायावर विश्वासच नव्हता. म्हणून उजवा पाय घाईघाईनं जवळच टेकत होता. आम्ही महिनाभर ‘डावा पाय उचला, डावा पाय उचला’ म्हणत होतो. आता खरी गरज होती ती डाव्या पायावर उभं राहायला शिकवण्याची. चालीची तपासणी हवी ती याचसाठी. दिसतो तिथंच दोष असतो असं नाही.

मग व्यायाम बदलले. खुर्चीवरून उठताना डावं पाऊल थोडं मागं घ्यायचं, म्हणजे त्याच्यावर वजन पडतंच. हातानं रेटा न देता उठायचं आणि बसायचं, आधी दहा वेळा, मग वीस. ओट्याला धरून उभं राहायचं आणि उजवं पाऊल समोरच्या पाटावर ठेवायचं, पुन्हा खाली घ्यायचं. पाट तोच, जेवायला बसायचा! उजवा पाय पाटावर असतो तेवढा वेळ डाव्याला भार घ्यावाच लागतो. फरशीवर सारख्या अंतरानं खडूच्या रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेवर आधी टाच टेकायची असा नियम केला.

चप्पल बंद झाली. मागं पट्टा असलेले सँडल आले. पाऊल लोंबू नये म्हणून प्लास्टिकची घोट्याची पट्टी करून घेतली. स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला विष्णु दिगंबर मार्गावर सरकारची पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय संस्था आहे. तिथं असे आधार आणि कृत्रिम अवयव तयार होतात आणि ते बनवणारे तंत्रज्ञही शिकवले जातात. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या नावाच्या रस्त्यावर चाल शिकवणारी संस्था असावी, हा योग मला फार आवडतो. कारण चालीलाही लय असते. पार्किन्सनच्या रुग्णाचा पाय दारात अडला की त्याला ओढू नका. ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका धरा किंवा जमिनीवरची रेघ ओलांडायला सांगा. अनेकदा अडलेलं पाऊल सुटतं.

‘नीट’ म्हणजे कुणासारखं?

चाल नीट करायची म्हणजे सगळ्यांना एकाच साच्यात बसवायचं का? नाही. आपल्या देशानं हा धडा फार लवकर शिकला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी धडपडताना त्यांना इतर मुलं दिसू लागली आणि १९४७ साली त्यांनी अशा मुलांसाठी केंद्र काढलं. पुढं १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आणि १९६८ च्या सुमाराला जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. परदेशी पाय बुटाशिवाय वापरता येत नव्हता, त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं. आपला माणूस तर देवळात अनवाणी जातो, शेतात चिखल तुडवतो, जमिनीवर मांडी घालतो. रबराच्या त्या पायानं हे सगळं जमवलं. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणून उपचार ठरवताना आधी विचारायचं, तुम्हाला जायचंय कुठं? मी काकांना विचारलं. मेन बाजार म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “गणपतीत आरतीला. तेही खुर्चीतून उचलून नेलेलं चालायचं नाही मला.”

झालं, ध्येय ठरलं! आता जिना शिकणं भाग होतं. त्याचा मंत्र साधा आहे: चढताना आधी बळकट पाय, उतरताना आधी दुबळा. काठी नेहमी चांगल्या बाजूच्या हातात. पुष्कळ लोक ती दुबळ्या बाजूलाच धरतात आणि तोल आणखी बिघडवतात. काठीची उंची किती? सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी. आजोबांची जुनी काठी आहे म्हणून ती वापरू नका. खालच्या टोकाचा रबर झिजला की लगेच बदला.

तुमच्या घरी काय बघाल?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आमच्या शास्त्रात अक्षरशः खरी आहे. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करावं. बहुतेक वेळा मोठ्या ऑपरेशनची गरज पडत नाही. दीड वर्षाचं होऊनही मूल चालत नसेल, तीन वर्षांनंतरही चवड्यांवरच चालत असेल किंवा एकाच बाजूला लंगडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. लंगडण्याबरोबर ताप असेल तर त्याच दिवशी. मात्र दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे आणि तीन-चार वर्षांच्या सुमाराला गुडघे एकमेकांना लागणारे दिसले तर घाबरू नका. बहुतेक मुलांत ते आपोआप सरळ होतात. पहाडगंजजवळ मुलांसाठी कलावती सरन रुग्णालय आहे. तुमच्या गावी जे असेल तिथं जा, पण ‘मोठा झाला की होईल ठीक’ म्हणत वाट बघू नका.

ज्येष्ठांसाठी एक सोपी चाचणी. खुर्चीपासून तीन मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, खूण करा. रोजची पादत्राणं घालून, काठी वापरत असतील तर ती घेऊन त्यांना उठून त्या खुणेपर्यंत जायला, वळायला आणि परत येऊन बसायला सांगा. घड्याळ लावा आणि कुणीतरी शेजारी उभं राहा. १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असं समजा आणि सल्ला घ्या. चालता चालता तुम्ही काही विचारलंत आणि बोलण्यासाठी त्यांना थांबावं लागलं, तर तीही सूचनाच. घरातल्या सरकणाऱ्या सतरंज्या काढा, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, रात्री जायच्या वाटेवर दिवा ठेवा.

आणि एक लक्षात ठेवा. चाल एकाएकी बदलली, जोडीला तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली किंवा बोलणं अडखळलं, तर तो व्यायामाचा विषय नाही. तडक रुग्णालय गाठा. तिथं मिनिटामिनिटाला किंमत असते.

झटक्यानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते, हे खरं. म्हणून तेव्हाचे दिवस वाया घालवू नयेत. पण त्यानंतर दार बंद होतं असं नाही. रोज नेमानं केलेल्या सरावाचं फळ पुढंही मिळतं, थोडं सावकाश मिळतं इतकंच.

गणपतीत काका जिना उतरले. एक एक पायरी, दर पायरीला थांबत. हातात काठी, पायात पट्टी, मागं कमरेला मुलाचा हात. चाल पहिल्यासारखी झाली नव्हती. डावा पाय अजून किंचित बाहेरून फिरत होता. पण चपलेचं घासणं थांबलं होतं. आरती होईपर्यंत ते उभे होते.

घरी परतताना वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “ताई, आज उजवं पाऊल लांब पडत होतं. बघितलंत ना?”

मी बघितलं होतंच. पण मला जास्त आनंद झाला तो वहिनी बघायला शिकल्या याचा.